मागे बोलायला नको

भाड्याची जागा घेताना घाबरणारी माणसं पुष्कळ असतात. शेजार कसा असेल, पाणी किती वेळ येतं, मालक रात्री दहानंतर खालच्या दाराला कडी तर घालत नाही ना. जागा सोडताना घाबरणारी माणसं मात्र कमी, आणि त्यांतला एक माझा मामा. करार संपायला पंधरा दिवस उरले की त्याची झोप उडते, जेवणात लक्ष लागत नाही, आणि बोलता बोलता त्याची नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर जाते. तिथे डाग असतो. नसला तरी मामाला दिसतो.

“मागे बोलायला नको,” हे त्याचं वाक्य. कोणी बोलायला नको, हे तो सांगत नाही. मालक, शेजारी, नंतर येणारा भाडेकरू, त्या भाडेकरूकडे चार दिवस राहायला येणारी सासू, सगळे त्यात धरलेले असतात. आणि मामाची अडचण अशी की तो सदाशिव पेठ सोडत नाही. दुसऱ्या शहरात माणूस जागा सोडतो तेव्हा ती जागा खरोखर मागे पडते. मामा भिकारदास मारुतीजवळून पेरुगेटला गेला, पेरुगेटवरून भरत नाट्य मंदिराच्या मागे, तिथून नागनाथ पारापाशी. सकाळी दूध आणायला निघाला की वाटेत दोन जुने मालक भेटतात आणि तिसरे नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत. मामाचं ‘मागे’ म्हणजे फार तर तीन गल्ल्या. तिथलं बोललेलं संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर येतं.

मामा जन्मला खुन्या मुरलीधराच्या मागच्या एका वाड्यात. दोन खोल्या, बाहेर चौक, चौकात नळ, आणि संडास पाच बिऱ्हाडांत मिळून एक. १९४७ च्या भाडे कायद्याने तिथलं भाडं असं गोठवून टाकलं होतं, की मालक ते घ्यायला यायचे तेव्हा त्यांना दिलेला चहा भाड्यापेक्षा महाग पडे. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, २००० च्या मार्चअखेर तो लागू झाला, आणि मालकांना दरसाल चार टक्के वाढ घ्यायची मुभा मिळाली. मामा ती वाढ इमानाने देत असे, सुटे पैसे मोजून. त्या वाड्यात त्याची पन्नासाहून अधिक वर्षं गेली, पण तेवढ्या काळात कोणी भिंत धुतल्याचं आठवत नाही. दिवाळीला चुना, गणपतीआधी जळमटं, संपलं. दाराच्या मागे पेन्सिलीने दुधाचे खाडे लिहिलेले असत. त्यांतले काही आजीच्या अक्षरात होते.

मग वाडा पुनर्विकासाला गेला. पेठेत हे आता घरोघरी झालं आहे. बिल्डर मधल्या काळाचं भाडं देतो, नव्या इमारतीत जागा देण्याचं लिहून देतो, आणि तोवर जुने भाडेकरू अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर आसपास पांगतात. “दोन वर्षांचा तर प्रश्न आहे,” असं सगळ्यांना सांगितलेलं असतं. मामालाही सांगितलं होतं. म्हणजे जागा सोडण्याची विद्या त्याला साठीनंतर शिकावी लागली, आणि साठीनंतर शिकलेली गोष्ट माणूस जरा जास्तच मनावर घेतो.

मामा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाला. आपण करारात सही कुठे करायची तेवढं बघतो. मामा कलमांना पेन्सिलीने टिका करतो. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ त्याला पाठ आहे. मुदत संपून जागा सोडली नाही तर भाडं दुप्पट. “दुप्पट! कळलं का?” असं तो मामीला रात्री दिवा मालवल्यावर सांगतो. मामीला कळलेलं असतं. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, म्हणून एजंटाचा मुलगा घरी यंत्र घेऊन येतो आणि अंगठे घेतो. गेल्या वेळी ते यंत्र मामाचा अंगठा घेईना. पुसून झाला, दाबून झाला, दुसरा अंगठा झाला, तर्जनी झाली. शेवटी त्या मुलाने अंगठा उजेडात धरला आणि विचारलं, “काका, तुम्ही भांडी घासता का?” आधीची जागा सोडताना मामाच्या बोटांवरच्या रेषाच घासून गेल्या होत्या. मामी म्हणाली, “आता आधार कार्डही नवं काढा.”

करारात एक ओळ असते: नैसर्गिक झीज वगळता जागा होती त्या स्थितीत परत करावी. अख्ख्या करारात भाडेकरूच्या सोयीची ही एवढीच ओळ, आणि मामाला नेमकी तीच मान्य नाही. “झीज नैसर्गिक कशी? आपण राहिलो म्हणूनच झाली ना?”

नवी जागा ताब्यात घेतली की सामान खाली टेम्पोतच ठेवून मामा आधी रिकाम्या घराचे फोटो काढतो. तारखेचा पुरावा हवा म्हणून प्रत्येक फोटोत मामी त्या दिवशीचा ‘सकाळ’ हातात धरून उभी. मामी आणि बेसिनची चीर. मामी आणि खिडकीची तुटकी कडी. मामी आणि गळका फ्लश. लग्नाच्या अल्बमात मामीचे इतके फोटो नाहीत.

फोटो काढता काढता त्याचं तोंड सुरू असतं. “पापड भाजायचे हे लोक, उघड्या गॅसवर. आणि पुसायचे नाहीत. ही काजळी बघ.” “यांच्याकडे कोणी तरी उभ्याने दात घासत फिरायचं.” “मूल होतं. नाही, दोन होती, धाकटं खडू खायचं.” आधीच्या बिऱ्हाडाला त्याने कधी पाहिलेलं नसतं, पण अर्ध्या तासात त्यांच्या चालीरीती, आर्थिक स्थिती आणि नवरा-बायकोचं पटत होतं की नाही, इथपर्यंत तो येतो. मागे बोलण्याची त्याला एवढी धास्ती का, हे मला असाच एकदा त्याच्या मागून बॅटरी धरून फिरताना कळलं. तो स्वतः बोलतो. आणि फार बारकाईने बोलतो.

सोडण्याची मोहीम पंधरा दिवस आधी सुरू होते. पोशाख ठरलेला: भोकं पडलेला बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, डोक्याला पंचा. हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. निवृत्त झालेले टूथब्रश, दाढीची ब्लेडं, काथ्या, दोन जातींच्या घासण्या, विणकामाची एक सुई आणि मोडलेली फूटपट्टी. सुई शॉवरच्या भोकांसाठी, फूटपट्टी सरकत्या खिडकीच्या खाचेसाठी. त्या खाचेवर मामाचा विशेष राग आहे. “माणूस मधे राहतो, घाण कडेला राहते,” असं म्हणून तो फूटपट्टी माझ्या हातात देतो. भाचा म्हणून माझी नेमणूक उंचीवरच्या कामांवर आहे: पंखा, माळा, ट्यूबची पट्टी. स्टुलावर मी, खाली बॅटरी घेऊन मामा. “पात्याची वरची बाजू बघ. खालची काय, कोणीही पुसेल.”

दुकानातल्या रंगीत बाटल्यांवर त्याचा विश्वास नाही. बोहरी आळीतून किलोभर धुण्याचा सोडा येतो. कढत पाण्यात तो विरघळवून एक्झॉस्ट पंख्याची प्लास्टिकची पाती त्यात रात्रभर बुडवली की अकरा महिन्यांच्या फोडण्या सकाळी वर तरंगताना दिसतात. सोड्याने तेलाचा साबण होतो, असं मामा समजावून सांगतो, आणि त्या साबणाने बादली धुऊन दाखवतो. अॅसिडला मात्र त्याच्या राज्यात बंदी. पेठेतल्या जुन्या घरांत खाली शहाबादी फरशी आणि ओट्याला कडाप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांवर अॅसिड पडलं की फेस येतो, भाडेकरूला वाटतं मळ निघतोय, आणि निघत असते फरशी. लिंबाचा रससुद्धा कडाप्प्यावर राहिला तर फिकट डाग पाडतो. त्यामुळे मामाकडे लिंबू चिरायचं ते ताटलीत, आणि पाहुण्याने सरबताचा पेला ओट्यावर ठेवला की मामा तो लगेच उचलून परत त्याच्या हातात देतो. पाहुण्याला वाटतं, काय आग्रह करतात हो!

मग पाळी मामीच्या टिकल्यांची. आपल्याकडच्या बाईला काढलेली टिकली कचऱ्यात टाकवत नाही. ती आरशाला लावायची, उद्या तीच वापरायची म्हणून, आणि उद्या नवी घ्यायची. आरसा भरला की बाथरूमची टाइल, मग गिझरची नळी, मग गोदरेजचं कपाट. मामा खोबरेल तेलाचा बोळा फिरवून एकेक काढतो आणि मोजतो. आकडा रात्री जेवताना जाहीर होतो. “चव्वेचाळीस.” मामी आमटी वाढत म्हणते, “तुमच्याच नावाच्या आहेत त्या.” यावर मामाकडे उत्तर नाही.

खिळे तसे कमीच असतात: कालनिर्णयचा एक, देवघरावरचा एक, तोरणाचे दोन. एका जागेत भिंतीवर पाटीच होती, ‘खिळा ठोकण्यापूर्वी मालकांना विचारावे. उत्तर नाही असे आहे.’ लोक भोकं टूथपेस्टने बुजवतात. अर्ध्या पेठेतली भोकं तशीच बुजलेली आहेत. नाक जवळ नेलं तर पुदिन्याचा वास येतो. मामा याला फसवणूक म्हणतो आणि व्हाइट सिमेंट कालवतो. पण भिंत असते बदामी. मग त्यात चिमूटभर हळद, मग हळद फार झाली म्हणून चहाचं पाणी, मग ते पातळ झालं म्हणून आणखी सिमेंट. चार भोकांसाठी वाडगाभर लगदा होतो, आणि तो वाया जाऊ नये म्हणून मामा आधीच्या भाडेकरूंचीही भोकं बुजवतो.

पण खरा ऐवज माळ्यावर असतो. तो उतरवला की रद्दीवाला येतो. त्याचा काटा मामाला मान्य नसतो आणि मामाचा घरचा काटा त्याला. बोहारणीशी बोलणी मामी करते. तीन साड्या, एक शर्ट आणि मामाला न विचारता काढलेला त्याचा कोट यांवर स्टीलचा एक डबा पदरात पडतो. झाकण लागत नाही. उरलेला कचरा ओला, सुका आणि ‘फुटलेलं’ अशा तीन पिशव्यांत, तिसरीवर मोठ्या अक्षरात ‘काच आहे, जपून’. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई बाकी बिऱ्हाडांच्या पिशव्या उघडून बघतात. मामाची बघत नाहीत. हा बहुमान त्याने मला दोनदा सांगितला आहे.

माळ्यावर आधीच्या बिऱ्हाडाचं काही ना काही राहिलेलं असतंच. तुम्ही-आम्ही ते कोपऱ्यात सरकवतो. मामा नेऊन पोचवतो. एका जागेत त्याला एक जन्मपत्रिका मिळाली, पिवळी पडलेली, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. चौकशा करत करत तो नव्या पेठेत त्या गृहस्थांच्या घरी पोचला. दार बायकोने उघडलं. मामा पत्रिका देऊन पाणी प्यायला बसला, आणि बाई उभ्या उभ्या ती वाचू लागल्या. “यात मंगळ आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे आली होती तिच्यात नव्हता.” लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मामाने पाणी अर्धंच ठेवलं. त्या गृहस्थांचा रात्री फोन आला. ते काय बोलले हे मामा सांगत नाही, पण पुढचे काही दिवस ‘मागे बोलायला नको’ हे वाक्य आमच्या कानावर आलं नाही.

मामाचं नाव झालं ते वरच्या मजल्यावरच्या मुलांमुळे. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या सगळ्या पट्ट्यात राज्यसेवेचा अभ्यास करणारी मुलं हजारोंनी राहतात. बीडहून, परभणीहून, यवतमाळहून, सोलापूरहून येतात, एका खोलीत चार कॉट टाकतात आणि दिवस अभ्यासिकेत काढतात. जागा सोडायची वेळ त्यांच्यावर अचानक येते. निकाल लागतो, किंवा लागत नाही, किंवा घरून पैसे यायचे थांबतात. आणि खोलीच्या चारी भिंतींवर नकाशे, घटनादुरुस्त्या, नद्या आणि उपनद्या, सगळं चिकटपट्टीने. पट्टी ओढली की रंग सोबत येतो. मालक डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतो. तेवढ्यात त्या मुलांची महिन्याची मेस भागली असती.

मामा मामीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन वर गेला. पट्टीवर गरम हवा सोडायची, गोंद मऊ होऊ द्यायचा, मग एका टोकाने सावकाश सोडवायची. रंग जागेवर राहतो. गोदावरीच्या उपनद्या त्याने स्वतः उतरवल्या आणि उतरवता उतरवता विचारलं, “प्राणहिता कुठे गेली?” ती लिहायची राहून गेली होती. त्या मुलाचा चेहरा पडला, कारण परीक्षा होऊन गेली होती. तेव्हापासून मामाच्या पद्धतीला मुलं पूर्व, मुख्य आणि मुलाखत म्हणतात. पूर्व म्हणजे केर, मुख्य म्हणजे ओटा, आणि मुलाखत म्हणजे मालकीणबाई. त्यांतला एक जण पुढे नायब तहसीलदार झाला. मध्यंतरी त्याचा फोन आला, “काका, बदली झालीय. क्वार्टर सोडतोय. बेसिनखालचा गंजाचा डाग कशाने जातो?” सरकारी क्वार्टर घासून परत देणारा महसूल खात्यातला माणूस मामाने तयार केला, याची सरकार-दरबारी कुठे तरी नोंद व्हायला हवी.

जागा सोडायचा दिवस काढणं हे आणखी एक काम. गुरुवार नको, कारण महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी. शुक्रवार नको, कारण शुक्रवारी ते ‘उशिरा व कमी दाबाने’ येणार असतं. अमावास्या मामीला नको. गणपतीत लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, कुठूनही टेम्पो आत येईल याची खात्री नाही. सगळं जुळून एक रविवार निघतो, तर त्या दिवशी वरच्या मुलांची परीक्षा असते आणि जिन्यात आवाज करायचा नसतो.

त्यात पेच शेवटच्या केराचा. घरातून माणूस बाहेर पडलं की मागोमाग केर काढायचा नाही, आणि दिवेलागणीला तर नाहीच नाही, असं आजीचं सांगणं. पण हमाल घाण करणार सामान नेताना. म्हणजे सामान गेल्यावर, पण माणूस जायच्या आधी, आणि तेही तिन्हीसांजेच्या आत, केर-फरशी उरकायची. मामाने यातून वाट काढली आहे. मामी देव घेऊन जिन्यात उभी राहते. तिने उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलेलं नसतं, त्यामुळे मामाच्या हिशेबाने ती अजून गेलेली नसते. मग मामा सगळ्यात आतल्या भिंतीपासून उकिडवा बसून फरशी पुसत पुसत उलटा सरकतो. स्वयंपाकघर, मधली खोली, बाहेरची खोली. उंबऱ्याबाहेर येतो, शेवटचा हात आत घालून स्वतःच्या पंजाचा ठसा पुसतो, कंबर धरून उठतो, आणि चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिल्याचं त्याच्या लक्षात येतं.

चष्मा नाही तर किल्ल्या, किल्ल्या नाहीत तर टेम्पोवाल्याचे पैसे. काही तरी आत राहतंच. ओल्या फरशीवर पाऊल उमटवायला मामाचा जीव होत नाही आणि तो आम्हालाही जाऊ देत नाही. पंखा लावावा तर बटण आत. मग फरशी वाळेपर्यंत आम्ही सगळे जिन्यात बसतो, देव मामीच्या मांडीवर, आणि जाणारी-येणारी बिऱ्हाडं विचारत असतात, “काय हो, आत कोणी घेत नाही का?”

मग मुलाखत. एका जागेच्या मालकीणबाई खालीच राहायच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या वर आल्या, ओट्याच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. काही बोलल्या नाहीत. तेव्हा मामानेच त्यांच्या नजरेतून सुटलेलं सगळं दाखवायला सुरुवात केली. “हा ओरखडा आमचा. तो नाही, त्याचा फोटो आहे. ह्या नळाचा वायसर आम्ही बदललाय, जुना या पुडीत बांधून ठेवलाय.” मामी मागून डोळे वटारत होती. बाईंनी पुडी उघडून वायसर पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बरं आहे.” सदाशिव पेठेत याच्या वर शेरा नाही. मामा आठवडाभर हवेत होता.

दुसऱ्या जागेचा मालक तरुण, संगणकाच्या कंपनीतला, राहायला बाणेरला. त्याने फोनवर सांगितलं, “काका, किल्ली वॉचमनकडे ठेवा, डिपॉझिट ट्रान्सफर करतो.” एवढं ऐकून मामा खाली बसला. पंधरा दिवस घासलेली जागा बघायला कोणी येणारच नाही! शेवटी त्याने व्हिडिओ कॉल लावायला मला भाग पाडलं आणि पाऊण तास एकेक कोपरा दाखवला. खाच दाखवली, पात्याची वरची बाजू दाखवली, कमोडच्या मागची भिंत दाखवायला फोन मला तिथे आत घालावा लागला. “किती लक्ष देऊन बघत होता मुलगा,” मामा नंतर म्हणाला, “मधे एक शब्द बोलला नाही.” तो मीटिंगमध्ये होता. फोन टेबलावर पालथा ठेवलेला असावा, कारण आम्हाला सगळा वेळ अंधार दिसत होता. मामाला मी सांगितलं, नेटवर्क कमी आहे.

रंगाचे म्हणून मालक एक भाडं कापतात, ही आता पुण्यात रीतच झाली आहे. मामी व्यवहाराने बोलते. “अहो, परवा रंगारी येणार. सगळ्या भिंतींना पॉलिश पेपर मारणार. पैसे कापून घेतलेलीच भिंत घासताय?” मामा हात थांबवत नाही. “अगं, रंगाऱ्याला डोळे असतात.”

रंगारी एक वेळ ठीक. पण वाडा बिल्डरच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी मामा पहाटे उठला, चौकातून बादल्या भरून आणल्या, दोन्ही खोल्यांची फरशी धुतली, कोनाडे पुसले, तुळयांवरची जळमटं काढली आणि दाराची पितळी कडी चिंचेने घासून लख्ख केली. मामीने विचारलं, “उद्या घण घालणार आहेत ना हो?” “हो, म्हणून तर आज.” पाडणारी माणसं म्हणाली असती, कसली माणसं राहत होती इथे! फक्त दुधाचे खाडे लिहिलेलं दार त्याने पुसलं नाही. ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने तसंच नेलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला, किल्ली घेतली, आत न बघता खिशात टाकली आणि विचारलं, “मीटर काढलं का?”

नव्या इमारतीचा चौथा स्लॅब पडला म्हणतात. गेल्या वर्षीही तेच म्हणत होते. तोवर मामाला जागा लागणारच आणि आत्ताचा करार चैत्रात संपतोय. तुमच्या माहितीत पेठेत दोन खोल्या असतील, फरशी शक्यतो शहाबादी, जिना फार उभा नको, तर कळवा. मालकांना एवढंच सांगा, की जागा परत मिळेल ती दिली त्याहून बरी मिळेल. पाहणीला मात्र त्यांनी स्वतः यावं, आणि येताना हातात चांगला तासभर घेऊन यावं.